केबलवरचा माझा आवाज

बारावीला मी फिजिक्समध्ये राहिले आणि त्याच पावसाळ्यात माझा आवाज सगळ्या अमरावतीत ऐकू येऊ लागला. वर्गातल्या मैत्रिणी बॅगा भरून कोणी नागपूरला, कोणी पुण्याला निघून गेल्या होत्या आणि मी मागच्या दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होते. आई मला रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची, "एकाच विषयात राह्यली. बाकीच्यात चांगले मार्क हायेत तिले." मग ती बाई माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तशी पाहायची. मी उठून गच्चीवर जायचे, गच्चीवर काही नसायचं म्हणून खाली यायचे, तहान नसताना माठातलं पाणी प्यायचे. कुठे बसलं तरी आपण दुसरीकडे असायला हवं होतं असं वाटायचं. आमच्याकडे याला 'गमत नाही' म्हणतात. मला ते वर्षभर गमलं नाही.

राजापेठेत आमचं घर होतं. पुढे माझ्या वडिलांचा, अप्पांचा, फोटो स्टुडिओ आणि मागे आम्ही तिघं. स्टुडिओत निळ्या डोंगरांचा एक पडदा होता, त्याच्यासमोर बसून अर्ध्या गावानं लग्नाआधीचे फोटो काढले होते. पुढे लग्नाच्या व्हिडिओची पद्धत आली तशी अप्पांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला, दृश्यं जोडायचं यंत्र घेतलं. त्यामुळेच केबलवाले रफीकभाई आमच्याकडे येऊ लागले. गच्च्यागच्च्यांवरून काळ्या तारा ओढत त्यांनी आसपासच्या वस्त्यांपासून सगळ्या शहरभर केबल नेली होती. संध्याकाळी ते स्वतःच्या चॅनलवर सिनेमाची कॅसेट लावायचे आणि मधे गावातल्या दुकानांच्या जाहिराती. त्या जाहिराती अप्पा करून देत.

सुरुवातीच्या जाहिराती म्हणजे काय, तर पेंटरकडून रंगवून आणलेले पुठ्ठे. स्टुलावर कॅमेरा ठेवायचा, समोर पुठ्ठा टेकवायचा, मागे बासरीची कॅसेट लावायची. पुठ्ठा बदलताना अप्पांचा हात दिसायचा, मनगटावरच्या घड्याळासकट. एकदा एका साडीच्या दुकानाच्या पुठ्ठ्यावर चित्रीकरणाच्या वेळी माशी येऊन बसली आणि पुढे कित्येक दिवस ती माशी रोज संध्याकाळी 'पैठणी' या शब्दावरून चालत गेली. लोक तिची वाट पाहायचे. आज माझ्या फोनवर जाहिरात लागली की माझं बोट आपोआप ती पुढे ढकलायला जातं, पण तेव्हा जाहिरात लागली की लोक स्वयंपाकघरातल्या बायकांना हाक मारून बाहेर बोलावत. कारण दुकानदार ओळखीचा, पुठ्ठा रंगवणारा ओळखीचा, आणि माशीही हळूहळू ओळखीची झालेली. पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी त्यानंतर आली. तिच्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या म्हशी आणि नळाला पाणी कधी येणार ते, सगळं एकामागून एक जाई.

मग दुकानदारांना आवाज हवा झाला. मोठ्या चॅनलवरच्या जाहिराती बोलत होत्या, तर आपल्या का मुक्या, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी स्वतःच्या आवाजात एक जाहिरात भरली. माझ्या वडिलांचा स्वभाव गमत्या होता, पण आवाज असा, की ते 'प्रत्येक खरेदीवर आकर्षक भेटवस्तू' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी गेलं.

रफीकभाई कॅसेट ऐकून डोकं धरून बसले. "दादा, असं बोलाल तर बाया साड्या घ्यायले नाई, भेटायले येतील दुकानात."

"मग तुमीच बोला ना," अप्पा चिडले.

मी आत भांडी विसळत होते. ते वाक्य सकाळपासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाठ झालं होतं. मी तिथूनच, ताट पुसता पुसता, म्हणून दाखवलं, थोडं आईला हसवायला आणि थोडं अप्पांचा तो रडका सूर मोडून काढायला. बाहेरचं बोलणं थांबलं. रफीकभाई स्वयंपाकघराच्या दारात आले, आत मात्र आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "भाभी, पोट्टीले हात पुसू द्या आन् हेच पुन्हा बोलू द्या."

तेव्हापासून आमच्या घराची चाल बदलली. आवाज भरायला मागची धान्याची खोली ठरली. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला गोधडी लावली. पण नुसत्या गाद्यांनी भागत नव्हतं. माईक सगळं पकडायचा. अप्पांनी "कुंदा, तयार?" असं विचारलं की सगळं घर थांबायचं. पंखा बंद, कूलर बंद. आईची भाकर हातावर थबकायची, कारण थापल्याचा आवाज भिंतीतून येई. पातोडीचा रस्सा उकळत असेल तर ती गंज, म्हणजे पातेलं, खाली उतरवून ठेवायची. गल्लीत कुल्फीवाला घंटा वाजवत आला की ती अनवाणी धावत बाहेर जाई आणि त्याला हातानंच गप्प करी. आतमध्ये मी लसणाच्या आणि तुरीच्या डाळीच्या वासात, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू न देता, दिवाळीचा महासेल हसत हसत सांगायचे. हसू ऐकू यायला पाहिजे, असं रफीकभाईंचं म्हणणं. 'झालं' असं अप्पा म्हणाले की सगळं घर एकदम श्वास सोडायचं. पंखा फिरायला लागायचा, भाकर पुन्हा गोल व्हायला लागायची.

त्यात एक जाहिरात शिकवणीच्या वर्गाची होती. 'नापास झालात? खचून जाऊ नका. यंदा नक्की यश!' ती भरायला मला दिली तेव्हा अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ती पहिल्याच दमात बरोबर म्हटली. गावात तीच सगळ्यात गाजली. पोट्टे रस्त्यानं एकमेकांना 'खचून जाऊ नका' म्हणत जात. मी मात्र ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू शकले नाही, कारण दसरा-दिवाळीच्या जाहिराती आल्या होत्या. मार्चला बसले नाही, कारण लग्नसराईच्या आल्या होत्या. कोणी मला बसू नको म्हटलं नव्हतं. पुस्तक उघडलं की बाहेरून हाक यायची, "कुंदा, दोन ओळी हायेत फक्त." किराणा दुकानात मी डाळ मागितली की मालक मान वर करून म्हणायचा, "अरे बाप्पा! टीव्हीवाली तूच का?" घरी येताना मला तेही आवडलेलं असायचं आणि का कोण जाणे, घरात शिरायचंही मन नसायचं.

होळीच्या सुमाराला अकोल्याहून स्थळ आलं. त्यांचा कूलरचा कारखाना होता. मुलाचे वडील, ज्यांना आम्ही लगेचच काकाजी म्हणू लागलो, ते अंगानं भरलेले आणि बोलायला मोकळे होते. मुलगा अविनाश, पांढऱ्या सदऱ्यातला, सारखा पायातल्या चपलेशी चाळा करणारा. आईनं आलुबोंडे आणि चिवडा केला होता. मी ट्रे ठेवून बसले आणि नाव, शिक्षण, स्वयंपाक या प्रश्नांची वाट पाहू लागले. बारावीबद्दल विचारलं तर काय म्हणायचं ते मी न्हाणीघरात घोकूनही ठेवलं होतं.

काकाजींनी आलुबोंडा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, "पोरी, आपल्या कूलरचं एखांदं बोलून दाखवतं का?"

अविनाशनं खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा आईकडे पाहत होते. आणि आई, माझी आई, उठून भिंतीजवळ गेली आणि तिनं पंखा बंद केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. हातच गेला तिचा. क्षणात खोलीत ती शांतता झाली, जी फक्त आवाज भरतानाच आमच्या घरात असायची. पाहुण्यांनीही चघळणं थांबवलं. मी चिठ्ठीवरचं वाचलं, 'उन्हाळा बाहेर, गारवा घरात', जसं वाचायचं तसं, हसू ऐकू येईल असं. वाचता वाचता पाहिलं तर अविनाशनं डोळे मिटले होते.

"पसंत!" काकाजी म्हणाले. "बाकी काही इचारायचंच नाई आपल्याले."

आणि खरंच त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

मुलामुलीला बोलू द्या म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. मी म्हटलं, "तुमी मले काहीच इचारलं नाई."

तो लाजून हसला. "इचारायचं काय? कितीदा तं ऐकलं. अमरावतीले मावशीकडं येतो तवा टीव्हीपुढूनच हलत नाई मी. ते नापासवाली लागते ना तुमची, मी कधी नापास झालो नाई, तरी मले बरं वाटते ऐकून."

हे तो मनापासून बोलला. मला तो आवडलाही, हे मी आज लपवत नाही. त्या वयात आपल्याला ऐकून कोणाला बरं वाटतं, ही काही लहान गोष्ट नव्हती. मी हिंमत करून म्हटलं, "मले ऑक्टोबरात परीक्षा द्यायची हाये. फिजिक्सची."

"कायले?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरोखरच समजलं नव्हतं. "आता काय गरज हाये तुमाले?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेन. पण तो 'कायले' माझ्या कानात बसला. रात्री, सकाळी, भाजी निवडताना, मी त्याला उत्तरं देत राहिले. परीक्षा कशाला द्यायची, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. इंजिनिअर व्हायचं नव्हतं, डॉक्टर होणं शक्य नव्हतं. राहिलेला एक विषय काढायचा होता, बस्. आणि तेवढ्यासाठी एवढं स्थळ हातचं घालवायचं का, असं आई विचारेल हे दिसत होतं.

साखरपुड्याची बोलणी चालू असतानाच काकाजींचा निरोप आला की उन्हाळा सुरू झाला आहे, कूलरची जाहिरात आत्ताच भरायला हवी, पोरीला अकोल्याला घेऊन या. बडनेऱ्याहून अप्पा आणि मी पॅसेंजर गाडीनं गेलो. खिडकीतून गरम वारा तोंडावर आदळत होता. आधी आम्ही कारखान्यात गेलो. पत्रा कापायचा कर्कश आवाज, रंगाचा वास, आणि एका कोपऱ्यात वाळ्याच्या ताट्या भिजत घातलेल्या, तेवढाच काय तो सुगंध. काकाजी सगळ्या कामगारांना सांगत होते, "हे आपली सूनबाई. हिचाच आवाज." कामगार मान डोलवत होते.

तिथून केबलवाल्याच्या ऑफिसात. एका बाजूला निळा पडदा लावलेला, त्याच्यापुढे नवाकोरा कूलर, आणि कूलरला एका हाताचा आधार घेऊन एक मुलगी उभी, पोपटी साडीत, तोंडाला पावडर लावलेली. माझ्याच वयाची. तिनं मला पाहिल्याबरोबर विचारलं, "ताई, तुमीच का कुंदाताई? मी वर्षा. तुमी बोलणार आन् मी नुसते ओठ हालवणार. जरा सावकाश बोलजा हं, नाई तं माह्ये ओठ मागं राहतात."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी भरलेला आवाज लावून तिचं चित्रीकरण व्हायचं होतं. लोकांना वाटणार होतं, तीच बोलते आहे.

वर्षानंच विचारलं, अगदी सरळपणे, "ताई, पण तुमीच कावून उभ्या राहत नाई? दिसायले तं चांगल्या हायेत."

"मले कोणी म्हटलंच नाई," मी म्हटलं.

काकाजींनी ते ऐकलं आणि मोठ्यानं हसले. "अवं, घरची सून का टीव्हीवर उभी करते कोणी? चारचौघं पाह्यतील." वर्षा तिथेच उभी होती. तिनं कूलरवरचा हात काढला आणि साडीचा पदर नीट केला. अविनाश दाराशी उभा होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि मग पायातल्या चपलेकडे.

मला माईकपुढे बसवलं. पंखा बंद केला. माझ्या घरासारखीच शांतता झाली, फक्त इथे ती करायला आई नव्हती. मी 'उन्हाळा बाहेर' म्हटलं आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. पुन्हा म्हटलं. या वेळीही तिथेच अडले. पाणी प्याले, पुन्हा म्हटलं, तर 'गारवा बाहेर' असं तोंडातून गेलं आणि वर्षा खुदकन हसली. काकाजी रुमालानं मान पुसत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आवाज यांचा झाला, चेहरा हिचा झाला, मग मी इथे नक्की कशाला आले आहे? शेवटी कधीतरी ते वाक्य सरळ निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि तिथल्या उन्हात मला बरं वाटलं.

परतीच्या गाडीत बोरगावच्या आसपास मी अप्पांना सांगितलं, "मले हे लगीन नाई करायचं. मी परीक्षेले बसते."

माझी समजूत होती की अप्पा चिडतील, किंवा माझ्या बाजूनं काहीतरी छान बोलतील. दोन्ही झालं नाही. ते म्हणाले, "तुह्या आईले तू सांग. माह्याच्यानं होणार नाई."

मी सांगितलं. त्या घरात एवढा मोठा आवाज त्याआधी कधी झाला नव्हता. आईनं ताट आपटलं, रडली, मला स्वार्थी म्हणाली, मग अप्पांना भित्रे म्हणाली. "पोराचं काय चुकलं थे तं सांग," असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मला सांगता येत नव्हतं. त्यानं मला मारलं नव्हतं, फसवलं नव्हतं. मी एवढंच म्हणत राहिले, "त्यानं मले काही इचारलं नाई." आईला यात तक्रार करण्यासारखं काय आहे तेच कळेना. तिलाही कोणी काही विचारलं नव्हतं, हे ती बोलली नाही, पण बोलता बोलता मधेच थांबली आणि मग कितीतरी वेळ भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनंच अकोल्याला निरोप धाडला. काय कारण सांगितलं ते मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

कूलरची ती जाहिरात मात्र उन्हाळाभर चालली, अकोल्यातही आणि आमच्या अमरावतीतही. मी गच्चीवरच्या खोलीत दार लावून भिंगांची सूत्रं पाठ करायचे आणि आजूबाजूच्या घरांतून माझाच आवाज वर यायचा, 'गारवा घरात'. खाली जाऊन पाहावं तर पडद्यावर पोपटी साडीतली वर्षा हसत असायची. मी नवीन जाहिराती भरणं बंद केलं होतं. रफीकभाईंनी एकदाच विचारलं, मग म्हणाले, "पढ ले बेटा, आवाज कुठं जाते," आणि त्यांनी नात्यातली एक मुलगी शोधून आणली; तिचा आवाज ते आपल्याकडेच भरू लागले. धान्याच्या खोलीतल्या गाद्या दुपारी पुन्हा जमिनीवर आल्या. पुढे घराघरांत सेट-टॉपचे डबे बसले, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या लागल्या, आणि गावचं असं चॅनल हळूहळू कोणी पाहीना. अप्पांचा स्टुडिओ त्याच्याही आधी बंद झाला.

वर्षाला मी मध्यंतरी, इतक्या वर्षांनी, अकोल्यात एका लग्नात भेटले. अविनाशनं तिच्याशीच लग्न केलं होतं. काकाजींनी चारचौघांत आकांडतांडव केलं, पण पोरगा हटून बसला म्हणे, आणि ते ऐकून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला. वर्षाचे केस माझ्यासारखेच पांढरे झाले होते. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, तुमाले काय सांगू! लग्नानंतर जे पाहुणे येत, थे म्हणत, जाहिरातीतलं बोलून दाखव. मी म्हणे, घसा बसला. सहा महिने माहा घसा बसलेलाच होता!" आम्ही दोघी मांडवात इतक्या हसलो की लोक वळून पाहू लागले. हसता हसता मला ती काकाजींपुढे पदर नीट करणारी मुलगी आठवली. तिला ती आठवत होती की नाही, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी परीक्षेला बसले. माझं प्रात्यक्षिकही राहिलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जावं लागलं. लांबलचक टेबलं, गॅसचा वास, आणि राहिलेली सगळी मुलं आपापल्या भिंगांवर वाकलेली. तोंडी परीक्षा घ्यायला गावातल्याच तिसऱ्या कॉलेजातून आलेले एक वयस्क सर होते, चष्म्याच्या वरून पाहणारे. त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांची लिहिती पेन्सिल थांबली.

"थांब जरा," ते म्हणाले. "हा आवाज... खचून जाऊ नका! तीच ना तू? आमची नात रोज नक्कल करते. बोलून दाखव बरं एकदा."

शेजारचे दोघं-तिघं आमच्याकडे पाहू लागले. एक वाक्य म्हटलं असतं तर ते खूश झाले असते, कदाचित पुढे काही विचारलंही नसतं.

"नाही सर," मी म्हटलं. "ती दुसरी कोणी असेल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग समोरचं भिंग उचललं, बोटांत फिरवलं, आणि मला पहिला प्रश्न विचारला.